उपासनेत सगळे भारावून जातात, मला काहीच जाणवत नाही. माझं काय चुकतंय?

तुम्ही दोन गोष्टी एकात एक गुंतवल्या आहेत. चर्चमध्ये गाणी सुरू झाली की शेजारचे डोळे मिटून रडतात आणि तुम्ही कोरडेच राहता, ही एक. त्यामुळे देव आपल्यापासून लांब गेला असावा, ही दुसरी. पहिली खरी असेल, पण तिच्यावरून दुसरी निघत नाही.

आधी संगीताचं बघू. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं त्या वेळी वाद्यांचं काय चाललंय ते पुढच्या रविवारी नीट ऐका. बहुतेकदा ड्रम थांबलेला असतो, कीबोर्डवर एकच सूर लांबवलेला असतो, तीच ओळ चौथ्या-पाचव्यांदा हळू आवाजात चाललेली असते. मग ड्रम परत येतो आणि गाणं अर्ध्या स्वराने वर चढतं. अंगावर काटा येतो तो इथे, आणि सिनेमाच्या गाण्यातही याच जागी येतो. यात खोटं काही नाही, शरीर देवानेच दिलंय. पण काटा आला म्हणजे देव आला आणि नाही आला म्हणजे तो गैरहजर, हे माप चुकीचं. काही माणसांना संगीताने काटा येतच नाही. तो स्वभाव झाला, त्याचा विश्वासाशी संबंध नाही.

मग माप कोणतं? प्रेषित पौलाने इ.स. ५५च्या सुमारास करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेलं पहिलं पत्र बायबलमध्ये काढा. त्या मंडळीत उत्साहाला तोटा नव्हता. तरी १४व्या अध्यायात तो म्हणतो, की सगळे एकदम अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या आवेशात ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या बोलीत, बोलायला लागले आणि बाहेरचा माणूस आत आला, तर तो तुम्हाला वेडे म्हणेल. उलट त्याला कळेल असं वचन कानावर पडलं, तर त्याच्या मनातली गुपितं उघडी पडतील आणि ‘तुमच्यात खरोखर देव आहे’ असं तोच पालथा पडून म्हणेल. खूण ही आहे: समजलेल्या शब्दाने आपल्या आतलं नेमकं काहीतरी उघडं पडणं. यात अश्रू असतील किंवा नसतील.

म्हणून तयारी शब्दापासून करा, आणि ती शनिवारी रात्री. उद्याचा शास्त्रभाग, म्हणजे उपासनेत वाचायचा बायबलमधला उतारा, पाळकसाहेबांना किंवा सेक्रेटरींना विचारून घ्या आणि दोनदा वाचा. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा मोठ्याने. जी ओळ अडते, टोचते किंवा पटत नाही तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारा, एकच. सकाळी संदेश ऐकताना ती ओळ मनात असली की ऐकणं बदलतं. संदेश रटाळ असला तरी ती ओळ तुमच्याजवळ राहतेच. (रटाळ संदेश असतात, हे कबूल करायला हरकत नाही.)

रविवारी पंधरा मिनिटं आधी पोहोचा. उपासना साडेनऊची आणि आपण नऊ चाळीसला, पार्किंगवरून वाद घालून, असं असेल तर पहिली तीन गाणी मन निवण्यातच जातात. आधी पोहोचल्यावर फोन बंद करा, सायलेंट नव्हे. शास्त्रभाग फोनवर वाचायची सवय असेल तर छापील पवित्र शास्त्र न्या.

पापांगीकाराच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापं कबूल करण्याच्या, वेळी लोक सगळ्यात जास्त घसरतात. छापील वाक्य सगळ्यांबरोबर म्हणून झालं की संपलं असं वाटतं. ‘आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने’ म्हणताना या आठवड्यातली एक घटना धरा, वार आणि माणसासकट: मंगळवारी भावाला फोनवर काय बोललो ते. आणि ती घटना शनिवारीच आठवली तर शनिवारीच फोन करा. मत्तय ५:२३-२४ मध्ये क्रम स्पष्ट आहे: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. मनातलं भांडण तसंच ठेवून देवाचं सान्निध्य शोधणाऱ्याला कोरडेपणा येतो, आणि बिचारा दोष गाणी घेणाऱ्या वर्शिप टीमला देतो.

गाण्यांबद्दल एक बारीक गोष्ट. इंग्रजी चालीवर बसवलेल्या भाषांतरित गीतात मराठी शब्दाचा आघात बऱ्याचदा भलत्याच अक्षरावर पडतो, आणि आपलं सगळं लक्ष अक्षरं बसवण्यात जातं. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजनांच्या वळणाने ख्रिस्ती पदं लिहिली, त्याचा इथे प्रत्यक्ष उपयोग होतो. धृपद सगळ्यांच्या तोंडात असतं, कडवं पुढचा म्हणतो, पुस्तकातून डोळे वर काढता येतात. तुमच्या मंडळीत अशी दोन पदं होत असतील तर ती पाठ करा. आणि कोणत्याही गाण्यात सगळी कडवी मनापासून म्हणायचा हट्ट सोडा. एक कडवं निवडा, उरलेली नुसती गा. जी ओळ आज खरी वाटत नाही तिथे गप्प राहून इतरांचं ऐकलंत तरी चालतं. मंडळी एकत्र गाते ती यासाठीसुद्धा.

प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेताना, देवाची भेट आपल्या मनःस्थितीवर सगळ्यात कमी टांगलेली असते. भाकरीचा तुकडा हातात येतो, तुम्ही भारावला असा की नसा. तो लगेच तोंडात टाकू नका. तळहातावर ठेवा, वजन जाणवू द्या, ‘तुमच्यासाठी’ हा शब्द ऐका, मग खा. द्राक्षरसाचा छोटा पेला परत ट्रेमध्ये ठेवेपर्यंत शेजारच्या दोघांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. हे शेवटचं मी उगाच सांगत नाही. त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात पौल चिडलाय तो काही जण आधीच जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात म्हणून. त्यांना तो सरळ सांगतो, की तुम्ही खाता ते प्रभुभोजनच नव्हे.

तुम्ही कॅथलिक असाल तर यातलं बहुतेक तुमच्या उपासनेला, मिस्सालाही लागू आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवर जो दस्तऐवज काढला त्यात ख्रिस्ताची उपस्थिती पवित्र साक्रामेंताबरोबरच (मिस्सात अर्पण केलेली भाकर) वाचल्या जाणाऱ्या वचनात आणि गाणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या समुदायातही सांगितली आहे. साक्रामेंतासमोर बसून केलेल्या आराधनेचा तास मात्र पुस्तकी प्रार्थनांनी गच्च भरू नका, निदान वीस मिनिटं रिकामी ठेवा. मन भटकणारच. भटकलं की रागावू नका, एक छोटं वाक्य म्हणून परत आणा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. लूक २४ मधले दोन शिष्य अम्माऊसच्या वाटेवर येशूबरोबर चालत होते आणि त्यांना तो ओळखू आला नाही. भाकर मोडल्यावर ओळख पटली, तोच तो दिसेनासा झाला. ‘वाटेत आपलं अंतःकरण आतून पेटत नव्हतं का’ हे त्यांना नंतर कळलं. सान्निध्य पुष्कळदा असं मागाहून ओळखू येतं. म्हणून उपासना चालू असताना ‘आत्ता वाटतंय का, आत्ता वाटतंय का’ असं स्वतःला चाचपू नका. चाचपणं सुरू झालं की लक्ष देवावरून उठून स्वतःवर बसतं. त्याऐवजी रविवारी रात्री वहीत तीन ओळी लिहा: कोणता शब्द अडला, कोणाची आठवण आली, काय करावंसं वाटलं. आठ रविवार लिहा, मग सलग वाचा. तोच शब्द तीनदा आला असेल, तर तिकडे बघा.

आणि आठ आठवड्यांनंतरही कोरडंच वाटलं तर? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. तेच मोठ्याने वाचा, ती उपासनाच आहे. जेजुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा नियमही इथे कामाचा आहे: मन कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. म्हणजे त्या काळात मंडळी सोडू नका, बदलू नका. मात्र झोप, भूक आणि सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, फक्त उपासनेतला नव्हे, तर हा प्रश्न पाळकसाहेबांबरोबर डॉक्टरांकडेही न्या. ‘विश्वास कमी पडतोय’ असं कोणी म्हटलं तरी न्या.