जर्मनीला एकटी चाललीयेस? मग बॅग भरायच्या आधी हे शिकून घे

तुझा प्रश्न वाचला आणि मला माझीच अकरा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. ऑक्टोबरला मास्टर्सला चाललीयेस, आजवर एकदाही हॉस्टेलला राहिलेली नाहीस, आई म्हणतेय कराटेचा क्लास लाव आणि मिरचीचा स्प्रे घेऊन जा, बाबा एक्सेलमध्ये सामानाची यादी करतायत आणि तू विचारतेयस की ताई हातात अडीच महिने आहेत तर नक्की काय शिकून येऊ. मी सांगलीची, सध्या कोलोनला असते, आणि इथे दरवर्षी नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींच्या भानगडी निस्तरायला जाते त्यामुळे थोडं मोठं उत्तर देते, चहा घेऊन बस.

आधी स्प्रेचं. तो विमानात चालत नाही, केबिन बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तेव्हा तो विषय संपला. इथे दुकानात मिळतो पण त्यावर प्राण्यांपासून बचावासाठी असं लिहिलेलं असतं, माणसावर मारायचा तर खरंच जिवावर बेतलं असेल तरच. कराटे आवडत असेल तर जरूर शिक, पण या अकरा वर्षांत माझ्यावर किंवा ओळखीच्या मुलींवर जे प्रसंग आले त्यातले बहुतेक अंधाऱ्या गल्लीत आले नाहीत, घरातच आले. दार, शेगडी, ताप आणि फोन. रात्री-बेरात्री एकटी चालत येताना भीती वाटली तर हाइमवेगटेलेफोन म्हणून एक सेवा आहे, घरी पोचेपर्यंत फोनवर कोणीतरी बोलत राहतं, पण जर्मन थोडं तरी यायला हवं.

आता दार. आपल्याकडेही लॅच असतो पण आत कोणीतरी असतंच ना. इथे फ्लॅटच्या दाराला बाहेरून नुसता गोल नॉब, दार ओढलं गेलं की संपलं. माझ्या पहिल्या डिसेंबरात मी कचरा टाकायला घरातल्या स्लिपरवर खाली गेले, किल्ली आत, फोन आत, आणि बाहेर उणे दोन. शेजारच्या आजींनी आत घेतलं, त्यांच्या फोनवरून नेटवर सगळ्यात वर दिसला त्या किल्लीवाल्याला बोलावलं, त्याने दोन मिनिटांत दार उघडलं आणि ३८० युरो मागितले, आणि मी रडत रडत कार्डने दिले. नंतर कळलं की फोनवरच एकूण आकडा ठरवून घ्यायचा असतो, नुसतं ओढलं गेलेलं दार कुलूप न फोडता उघडतं, आणि माणूस दमदाटी करायला लागला तर ११० ला पोलिसांना फोन करायचा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एक जादा किल्ली विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेव आणि हाफ्टप्फ्लिश्ट नावाचा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा काढ, महिन्याला चार-पाच युरो पडतात. किल्ली हरवली आणि ती अख्ख्या बिल्डिंगच्या लॉक सिस्टिमची असली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च तुझ्या माथी येऊ शकतो, म्हणून किल्ली हरवणं त्या विम्यात धरलंय ना एवढं बघून घे. आता तूही घरी सवय लाव, दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी हात खिशावर. आईला वेड लागलंय वाटेल, वाटू दे.

शेगडी. गॅस बहुतेक ठिकाणी नसतो, इंडक्शन किंवा काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते. काचेची बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते आणि आपण सवयीने त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवतो, केलंय मी. झोपायच्या खोल्या आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतोच, सोळाही राज्यांत तसा कायदा आहे, आणि त्याला आपली मोहरी-मिरचीची फोडणी कळत नाही. फोडणी करताना खिडकी उघडायची, पॅसेजचं दार नाही, नाहीतर धूर थेट पॅसेजमधल्या अलार्मकडे जातो आणि अख्खं हॉस्टेल पायजम्यात खाली उभं राहतं. दुसरं म्हणजे तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकायचं नाही, भडका उडतो. शेगडी बंद, वर झाकण, आणि झाकण लगेच उघडून बघायचं नाही. हे वाचून कळलंय असं वाटतं पण आयत्या वेळी हात आपोआप नळाकडे जातो, म्हणून घरी थंड कढईवर झाकण टाकायची चारदा प्रॅक्टिस कर, हसू नकोस.

आता आजारपण, हे नीट वाच.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी होतो. एका शनिवारी रात्री त्यातल्या नागपूरच्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं. आम्ही ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली, गूगल केलं, मग इंडियात तिच्या डॉक्टर मावशीला उठवलं, तिकडे पहाटेचे चार वाजले होते, मावशी ओरडली की मला काय विचारता अँब्युलन्स बोलवा. तरी आम्ही अजून अर्धा तास घालवला, कारण एक तर फोनवर जर्मन बोलायची भीती, दुसरं म्हणजे बिल किती येईल, आणि तिसरं आपलं नेहमीचं, उगाच कशाला कोणाला त्रास. अपेंडिक्स होतं, त्याच रात्री ऑपरेशन झालं. नंतर अँब्युलन्सचं बिल तिच्या नावावर आलं ते १० युरोचं, बाकी सरकारी विम्याने भरलं. दहा युरोला घाबरून आम्ही तीन तास घालवले!

तर आकडे पाठ कर, मोबाइलमध्ये सेव्ह करून भागत नाही. ११२ अँब्युलन्स आणि अग्निशमन, हा युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो आणि फुकट आहे. ११० पोलीस. आणि ११६११७, हा बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं माहीत नसतो, जिवावरचं काही नाही पण दवाखाने बंद आहेत आणि डॉक्टर तर हवाय तेव्हा हा लावायचा. ११२ ला पहिलं वाक्य पत्त्याचं, फोन कट झाला तरी तेवढं गेलेलं असतं, मग काय झालंय, किती जणांना, कसं आहे, आणि पुढचे प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही. स्वतःचा पत्ता जर्मनमध्ये स्पेलिंगसकट म्हणता यायला हवा, रस्त्यांची नावं हातभर असतात. ही एक गोष्ट तू आता घरी बसून शिकू शकतेस, भाऊ असेल तर त्याला ऑपरेटर कर.

छोट्या दुखण्याचं म्हणशील तर इथे किराणा दुकानात पॅरासिटामॉलसुद्धा मिळत नाही, ते फक्त आपोथेकेत म्हणजे मेडिकलमध्ये, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाहीच. रविवारी सगळं बंद. तरी कुठलं तरी एक मेडिकल ड्यूटीवर असतं, त्याचा पत्ता कुठल्याही मेडिकलच्या दारावर लावलेला असतो, अडीच युरो जादा घेतात. त्यामुळे थर्मामीटर, तापाची गोळी, ओआरएस आणि मुगाची डाळ-तांदूळ एवढं घरात कायम. एकटीला १०२ ताप असताना खिचडी लावता येणं हे खरं स्किल आहे, त्यात कांदा चिरावा लागत नाही हे महत्त्वाचं. आल्या आल्या तब्येत चांगली असतानाच एक फॅमिली डॉक्टर शोधून नाव घालून ठेव, आजारी पडल्यावर शोधलंस तर नवीन पेशंट घेत नाही हेच ऐकशील. गायनॅकचंही तेच, अपॉइंटमेंटला आठवडेच्या आठवडे लागतात. आणि घरी हे कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते, इमर्जन्सी पिल इथे २०१५ पासून चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये मिळते, लाजून दिवस घालवायचे नाहीत, लवकर घेण्यालाच अर्थ असतो.

उन्हाळ्याच्या दोन गोष्टी. गवतात, जंगलात फिरून आलीस की अंगावर गोचीड बघायची, हो तीच आपली गुरांना लागते ती, गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढायची, तेल-बिल ओतायचं नाही, आणि नंतर तिथे लाल गोल पसरत गेला तर डॉक्टरकडे जायचं. दक्षिणेला बव्हेरिया किंवा बाडेन-वुर्टेम्बर्गला जाणार असशील तर एफएसएमई म्हणजे गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराची लसही विचार. दुसरं म्हणजे नदी. मी कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली, मला वाटायचं आपल्याला काय शिकवणार हे. र्‍हाइन वरून संथ दिसते, पण आत ओढ भयंकर आणि मोठी मालवाहू जहाजं गेली की काठावरचं पाणी आधी ओढून नेतात मग आणून आपटतात. पोहायचंच तर नेमलेल्या तळ्यावर.

फोन आणि पैसा पटकन सांगते. घर बघायच्या आधी डिपॉझिट मागणारा, मी परदेशात आहे किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणणारा मालक म्हणजे शंभर टक्के फ्रॉड, कितीही गोड मेल असो. स्क्रीनवर ११० दिसला आणि समोरचा म्हणाला मी पोलीस तुझ्या नावावर केस आहे, तर ठेवून दे, पोलीस त्या नंबरवरून फोन करतच नाहीत. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातून भाडं गेलं की काय उरतं ते बघशीलच, तेव्हा असा एक फटका बसला की सेमिस्टरच बसलं.

आणि डिसेंबर. साडेआठला उजाडतं, साडेचारला अंधार, मध्येही ऊन असेलच असं नाही. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी तीन आठवडे आईला फोनवर मस्त चाललंय सांगत होते आणि दिवसाला एकदा ब्रेड खात होते. मला वाटलं मी आळशी झालेय. शेवटी युनिव्हर्सिटीच्या कौन्सेलरकडे गेले, एक पैसा पडला नाही, डॉक्टरने रक्त तपासून व्हिटॅमिन डी दिलं, आणि कौन्सेलरने एकच काम दिलं की रोज दुपारी बाराला अर्धा तास बाहेर चालायचं, पाऊस असला तरी. रात्री अगदीच असह्य झालं तर ०८०० १११०१११ हा टेलेफोनझेलझॉर्गे म्हणजे मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट, नाव सांगावं लागत नाही. माझं आणि एका मैत्रिणीचं तेव्हापासून ठरलंय, रोज सकाळी एकीने दुसरीला काहीही पाठवायचं, नुसता टिंब पाठवला तरी चालतो, अकरापर्यंत नाही आला तर फोन, फोन नाही उचलला तर दारावर. एवढ्या वर्षांत ती दोनदा दारावर आली. एकदा मी झोपले होते, एकदा खरंच ताप होता.

तर अडीच महिन्यांत तू एक कर, एक आठवडा घरातल्या घरात वेगळी राहा. स्वतःचं सामान स्वतः आण, इंडक्शनवर स्वयंपाक, कपडे, औषधं, बिलं, सगळं तू, आणि आईला सांग अडले तर मी विचारेन, तू आपणहून येऊ नकोस. विचारायचं मात्र खरंच, अडून बसायचं नाही.

कुकर आणू का विचारलं होतंस, आण, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा आण आणि दोन रिंगा जादा आण, इथे त्या मापाच्या सहज मिळत नाहीत.