दारू पूर्ण सोडायची नाही, कमी करायची आहे. ऑनलाइन गटाचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सोलापुरात राहता, आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी क्वार्टर (180 मिली) होते, शनिवारी त्याहून जास्त. पूर्ण सोडायची तयारी नाही, कमी करायची आहे. मर्यादेत पिऊ पाहणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट सापडलाय, पण तिथे जाऊन नेमकं करायचं काय ते कळत नाही. आणि बायको म्हणते, हे पिण्याचंच नवीन निमित्त.

उपयोग होतो, पण नुसतं नाव नोंदवून नाही. हे गट चालतात हिशेबावर. जो तिथे फक्त मन मोकळं करायला जातो आणि आकडा सांगत नाही, तो सहा महिन्यांनी तेवढीच पीत असतो. फरक इतकाच की त्याबद्दल छान बोलायला शिकलेला असतो.

आधी एक तपासणी. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घाम, मळमळ, धडधड, आणि एक घोट घेतला की बरं वाटतं, असं होतं का? दारू बंद केल्यावर पूर्वी कधी फिट आली आहे का, भास झालेत का? यातल्या एकालाही हो असेल तर गट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. अशा माणसाने एकदम बंद केली तर पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं. त्यात जीव जातो. लिव्हरचा आजार, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, टीबीचं औषध, गरोदरपण, यांतलं काही असेल तरी मर्यादेची भाषा आपल्यासाठी नाही. याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, 40 गुणांची. 8 किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या वळणावर आहे, 20 किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता मोठी, तिथे तज्ज्ञच हवा. प्रामाणिकपणे सोडवली तरच तिचा अर्थ. बायकोसमोर बसून सोडवली तर प्रामाणिकपणा आपोआप येतो.

आता मोजमाप, कारण घोळ इथेच होतो. आपल्याकडे हिशेबाला सोयीचं युनिट म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांची व्हिस्की किंवा रम 30 मिली घेतली की एक युनिट होतं. म्हणजे नाइंटीत (90 मिली) तीन, क्वार्टरमध्ये सहा, खंब्यात (750 मिली) पंचवीस. बिअरची 650 मिलीची बाटली साधी, 5 टक्क्यांची असेल तर अडीच युनिट. स्ट्राँग, 8 टक्क्यांची असेल तर चार. ‘मी आता फक्त बिअरवर आलोय’ म्हणणारा दोन स्ट्राँग मारतो तेव्हा त्याच्या पोटात आठ युनिट गेलेले असतात, क्वार्टरपेक्षा दोन जास्त. देशीचं लेबल वाचून टक्का बघा, मिलीला टक्क्याने गुणा, मग 0.8 ने, आणि 1000 ने भागा, युनिट मिळतं. हातभट्टी या हिशेबात बसतच नाही. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ काढून मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणच्या भट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याकडे वळवायला घेतलं, तो विषय वेगळा. पण जिचा टक्का माहीत नाही आणि जिच्यात मिथेनॉलसारखं विष असू शकतं, ती दारू ‘मर्यादेत’ पिता येत नाही.

घरी पिताना स्टीलचा पेला बाद करा. आतलं दिसत नाही आणि अंदाज कायम आपल्या बाजूने चुकतो. पेग मेजर घ्या. तोवर खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं झाकण चालेल, 10 मिलीच्या खुणेपर्यंत तीनदा. आधी दारू, मग पाणी. उलट केलं की ‘थोडीच टाकली’ चं प्रमाण वाढतं. आणि अर्ध्या ग्लासात वरून भर घालायची नाही, नाहीतर मोजणी तिथेच संपली.

गटांमध्ये ‘थर्टी’ हा शब्द सारखा दिसेल. मॉडरेशन मॅनेजमेंट ही अमेरिकेतली संघटना 1994 पासून याच कामात आहे, आणि तिच्या पद्धतीत सुरुवातीला 30 दिवस पूर्ण कोरडे काढायचे असतात. लोक हा भाग गाळतात आणि तिथेच फसतात. हे दिवस शिक्षा म्हणून नसतात. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आपलं नेमकं काय बिघडतं, ते त्या तीस दिवसांत उघडं पडतं. पहिला आठवडा झोप मोडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप जागेवर येते.

श्रावण पाळणाऱ्याला हे अवघड वाटू नये, असं वाटतं खरं. पण श्रावण आणि ‘थर्टी’ यांत फरक आहे. श्रावणाच्या अलीकडे गटारी असते आणि पलीकडे भाद्रपदात उसनं फेडणं. महिनाभर न पिता येणं म्हणजे ताबा आहे, असा निष्कर्ष काढून माणूस पहिल्याच दिवशी जुन्या मापावर येतो. सोलापूरच्या पूर्व भागात अय्यप्पाची माळ घालून एक्केचाळीस दिवस कडक काढणाऱ्यांचंही अनेकदा हेच होतं. गटातल्या तीस दिवसांत रोज दोन ओळी लिहायच्या असतात: किती वाजता तलफ आली, कशाने आली, काय केलं. तीस ओळी झाल्या की आपलं वेळापत्रक समोर दिसतं. तुमची तलफ कदाचित दारूची नसेलच. कामावरून सुटल्यावर सात रस्त्याला त्याच चौघांना भेटण्याची असेल.

तीस दिवसांनंतरची मर्यादा. मॉडरेशन मॅनेजमेंटची पुरुषांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला 4 आणि आठवड्याला 14 ड्रिंक्स, बायकांसाठी 3 आणि 9. शिवाय आठवड्यातले तीन-चार दिवस कोरडे. इथे एक सापळा आहे. अमेरिकेचं एक ड्रिंक 14 ग्रॅमचं, ब्रिटनचं युनिट 8 ग्रॅमचं. ब्रिटनचा सल्लाही ‘आठवड्याला 14’ असाच आहे, पण ते 112 ग्रॅम होतात आणि अमेरिकेचे 14 म्हणजे 196. दोन गटांतले दोघे ‘चौदा’ म्हणतात आणि जवळजवळ दुपटीचा फरक असतो. म्हणून गटात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: इथलं ड्रिंक किती ग्रॅमचं? आपल्या भाषेत सांगायचं तर अमेरिकी गटातली पुरुषाची एका दिवसाची शेवटची हद्द, 56 ग्रॅम, ही एका क्वार्टरपेक्षाही किंचित कमी आहे. ब्रिटिश सल्ला पाळायचा तर अख्ख्या आठवड्यात दोन क्वार्टरही होत नाहीत. माझं मत विचाराल तर ब्रिटिश आकडा धरा. आणि तो सुरक्षित आहे असं समजू नका. कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आता गटात वागायचं कसं. वेगळा ईमेल काढा, टोपणनाव घ्या, कॅमेरा बंद ठेवा, नोटिफिकेशनचा मजकूर फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणार नाही असं करा. व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. सोलापुरात दोन ओळखींच्या आत माणूस माणसाला सापडतो, तेव्हा शहरातल्या ग्रुपवर जपून. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. अॅडमिन गोळ्या, चूर्ण किंवा ‘सात दिवसांत हमखास’ असलं काही विकत असेल तर त्याच दिवशी बाहेर पडा. व्हिडिओ बैठकीची वेळही बघा: न्यूयॉर्कची रात्री आठची बैठक आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पडते, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहाला. लंडनची संध्याकाळी सातची रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला. रात्रीची नको, पहाटेची घ्या. आदल्या दिवसाचा आकडा ताजा असतो आणि माणूस शुद्धीत असतो.

पहिली पोस्ट लांबलचक नको. अशी पुरते:

‘गेले सात दिवस, 10 ग्रॅमच्या युनिटमध्ये: सोम 0, मंगळ 6, बुध 6, गुरु 0, शुक्र 6, शनि 9, रवि 2. एकूण 29. आजपासून तीस दिवस कोरडे. अवघड जागा: शनिवारची परमिट रूम.’

बस. इंग्रजी जेमतेम असलं तरी एवढं लिहिता येतं, आणि हे गट बहुतेक इंग्रजीतच चालतात. आकड्याला व्याकरण लागत नाही. मराठीतच बोलायचं असेल तर विश्वासातले तीन-चार जण मिळून स्वतःचा छोटा गट करा, नियम हेच ठेवा. मात्र रोज ज्यांच्यासोबत बसता त्यांनाच त्यात घेऊ नका, महिन्याभरात त्याचं बसण्याचं ठिकाण होतं.

कोरडे दिवस संपल्यावर रोज दोन नोंदी करा. पहिली संध्याकाळी पाचच्या आत, म्हणजे पहिल्या घोटाच्या बऱ्याच आधी: ‘आज तीन युनिट. आठला सुरू, साडेनऊला जेवण.’ दुसरी सकाळी: ‘झाले पाच.’ कारण लिहायचं नाही, फक्त आकडा. कारण लिहायला बसलं की मन वकिली करतं. आणि ग्लास हातात असताना गटात कधीही लिहू नका. तेव्हाचं लेखन म्हणजे नुसतं आश्वासन असतं, शिवाय समोर कुणी ‘थर्टी’ च्या सातव्या दिवशी तग धरून बसलेला असतो. इतरांच्या नोंदींवर उत्तर द्या, पण ‘सोडून टाका भाऊ’ छापाचा उपदेश नको. ‘शनिवारी तुम्ही किती वाजता निघालात?’ एवढा प्रश्न जास्त कामाचा.

बिघडतं कुठे? बहुतेकदा बाटलीच्या आकाराने. क्वार्टर घेतली की ती ‘एक वस्तू’ होते आणि उरवणं जिवावर येतं; म्हणून नाइंटी घ्या, एकच. दुसरं, जेवण. आपल्याकडे आधी दोन तास चकणा आणि अकराला मटण, असा क्रम असतो. रिकाम्या पोटी अल्कोहोल झपाट्याने रक्तात चढतं, आणि खारे शेंगदाणे तहान वाढवतात. क्रम उलटा करा: आधी भाकरी-कालवण, मग ग्लास. पोट भरल्यावर दुसऱ्या पेगची ओढ निम्मी होते. तिसरं, ड्राय डे. 2 ऑक्टोबरला दुकान बंद म्हणून 1 तारखेला दोन क्वार्टर घरी येतात आणि दोन्ही त्याच रात्री संपतात. उद्याचा साठा घरी ठेवायचाच नाही. चौथं, दुसऱ्याने भरलेला ग्लास. आग्रहाला उत्तर तयार ठेवा. आपल्या जिल्ह्यात गळ्यात तुळशीची माळ असली की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. खोटी माळ घालू नका, पण ‘गोळ्या चालू आहेत’ हेही तितकंच चालतं. उन्हाळ्यात 43 अंशांत आलात की आधी दोन ग्लास पाणी किंवा ताक. अर्धी तलफ नुसती तहानच असते.

बायकोच्या संशयाबद्दल. तिला पहारेकरी करू नका. बाटली तिच्याकडे ठेवायला दिली की भांडण दारूवरून तिच्यावर येतं. आठवड्याच्या शेवटी वहीतला एकूण आकडा दाखवा, तेवढं पुरे. आणि ‘न सांगता दारू सोडवा’ असली पुडी जेवणात मिसळण्याचा विचार घरात चालू असेल तर तो आजच थांबवा. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू पडली तर रक्तदाब कोसळतो, छातीत दुखतं, मृत्यूही होऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. पिणं कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन नावाची वेगळी गोळी आहे, तीही लिव्हरची तपासणी करून डॉक्टरच देतात.

या पद्धतीचे विरोधक एक उदाहरण हमखास देतात. मॉडरेशन मॅनेजमेंट सुरू करणाऱ्या ऑड्री किशलाइन यांनी मार्च 2000 मध्ये दारूच्या नशेत उलट दिशेने गाडी घातली आणि दोघांचा जीव गेला. खरं आहे. त्याआधी दोन महिने, जानेवारीत, त्यांनी स्वतःच्याच गटाला कळवलं होतं की मर्यादा आपल्याला जमत नाही, आणि त्या पूर्ण दारूबंदीवाल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसकडे गेल्या होत्या. यातून कुणाची पद्धत जिंकली हे वाद घालणाऱ्यांना ठरवू द्या. तुमच्या कामाचं एवढंच की मर्यादा काहींना जमतच नाही, आणि ते वहीत लवकर दिसतं.

तीस दिवस दोनदा प्रयत्न करूनही निघाले नाहीत, किंवा चारपैकी तीन आठवडे स्वतःच लिहिलेली हद्द ओलांडली, किंवा सकाळचा आकडा खोटा लिहावासा वाटला, तर मर्यादेचा नाद सोडा आणि पूर्ण बंदीच्या वाटेला लागा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक 14446, दोन्ही मोफत. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका मराठीतही होतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जायचं ठरलं तर ती वही सोबत न्या. डॉक्टर किती घेता आणि किती दिवसांपासून हे आधी विचारतील, आणि तोंडी सांगताना आपण सगळेच निम्मं सांगतो.