घास कोणत्या हाताने? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार ताई. मी नागपूरला मनीषनगरात राहते, वय ६१. मुलगी लग्नानंतर शिकागोला असते, मुलगा इथेच मिहानमधल्या एका कंपनीत आहे. दिवाळीत मुलगी, जावई आणि ९ वर्षांचा नातू आले होते तेव्हा आम्ही सगळे वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. नातवाने काटा डाव्या हातात धरून सुरीने चिकन कापलं, मग सुरी ताटात ठेवली, काटा उजव्या हातात घेतला आणि खाल्लं, आणि प्रत्येक घासाला हेच. माझा मुलगा म्हणे हे चुकीचं आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं की काटा डाव्या हातातून हलवायचाच नाही. मुलगी म्हणे तिकडे सगळे असेच खातात. दोघं बहीणभाऊ इतके वाद घालून राहिले होते की पोट्टं बिचारं जेवायचंच थांबलं. त्यात मुलाने स्वतः डाव्या हाताने घास तोंडात घातला तर माझ्या ८४ वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, "डाव्या हातानं काऊन खाऊन राहिला रे बाप्पा?" खरं सांगू, मलाही ते बघवत नाही, पण बोललं की जुनाट म्हणतात. यात बरोबर कोण?

उत्तर: काकू, आधी नातवाला फोन करा आणि सांगा की तू काही चुकला नव्हतास. लेकराला जेवताना थांबावं लागलं हे वाचून मला फार वाईट वाटलं.

तो करत होता ती अमेरिकेतली घरोघरची पद्धत आहे, तिला तिकडे झिगझॅग म्हणतात. कापेपर्यंत सुरी उजव्या हातात आणि काटा डाव्या, कापून झालं की सुरी ताटाच्या कडेला टेकवायची, काटा उजव्या हातात घ्यायचा, दाते वर करायचे आणि मग घास. तुमच्या मुलाला शिकवली ती युरोपची, तिला कॉन्टिनेन्टल म्हणतात, तिच्यात हात बदलत नाहीत, काट्याचे दाते खालीच राहतात आणि डाव्या हातानेच घास जातो. इंग्लंडमध्ये तर जुन्या वळणाची माणसं मटारचे दाणे सुद्धा काट्याच्या पाठीवर दाबून बसवतात आणि तसेच तोंडापर्यंत नेतात, काटा उलटा करून चमच्यासारखा वापरणं त्यांना पटत नाही. आपल्याकडे साहेबी जेवणाची रीत इंग्रजांकडून आली म्हणून ट्रेनिंगमध्ये तीच एकमेव बरोबर असल्यासारखी शिकवतात, एवढंच.

आणि हात बदलणं हे काही अमेरिकेने बिघडवलेलं नाही बरं का. आधी युरोपातही लोक हात बदलून खायचे, १९व्या शतकात तिथल्या वरच्या वर्गाने ते सोडलं, बाकीच्यांनी त्यांचं बघून सोडलं, अमेरिकेत मात्र जुनं होतं तसंच चालू राहिलं. म्हणजे मामा-भाच्यात जुनी रीत भाचा पाळतोय.

मुळात काटाच इंग्लंडमध्ये किती उशिरा गेला बघा. थॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज १६०८ साली इटलीत फिरला. तिथे त्याने पाहिलं की लोक एका हातातल्या काट्याने मांस दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने सुरी चालवतात, आणि मधल्या मोठ्या ताटाला कोणी बोट लावलं तर बाकीचे नाराज होतात. कारण त्याने असं दिलंय की सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात. हे त्याने १६११ च्या आपल्या प्रवासवर्णनात छापलं. मला ते वाचून माझी आजी आठवली, भाजीच्या पातेल्यात कोणाचा उष्टा हात गेला की ती पातेलंच बाजूला काढायची. इटलीतल्या त्या लोकांच्या मनात आणि आजीच्या मनात एकच गोष्ट होती, त्यांनी काटा घेतला, आजीने पळी आणि डाव घेतला. कोरियट घरी परतल्यावरही काट्याने खायला लागला तर मित्रांनी त्याला चिडवलं होतं. हाच माणूस पुढे पायी पायी हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेला वारला.

आता डाव्या हाताचं. काकू, तुम्ही जुनाट नाही आणि सासूबाई पण नाहीत. आपल्याकडे दोन हातांची कामं वाटलेली आहेत, जेवायचं उजव्याने, आणि तो खरकटा असतो म्हणून वाढून घ्यायला, पाण्याचा ग्लास उचलायला डावा. पोळीचा तुकडा सुद्धा आपण एकाच हाताने तोडतो, बोटांनी दाबून धरायचं आणि अंगठ्याने ओढायचं, हे लहानपणापासून येतं म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण मोठेपणी शिकणाऱ्याला ते काट्या-सुरीपेक्षा अवघड जातं. आयुष्यभर असं जेवलेल्या बाईला डाव्या हाताने तोंडात घास जाताना बघून कसंतरी होणारच, त्यात लाज कसली. आणि यावरचा उपाय तुमच्याच टेबलावर बसला होता की! नातवाच्या पद्धतीत डावा हात फक्त धरायचं काम करतो, घास उजव्याच हाताने जातो. म्हणजे त्या दिवशी सासूबाई आणि नातू एकाच बाजूला होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला किंवा सासूबाईंना कधी काट्या-सुरीने खायची वेळ आली तर बिनधास्त तसंच खा, कोणी चूक म्हणू शकत नाही, अख्खा देश तसा जेवतो.

भात खाणाऱ्यांनी तर अजून वेगळीच वाट काढली. थायलंडमध्ये १९व्या शतकात काटा-चमचा राजदरबारातून आला, पण सुरी काही टेबलावर आली नाही, कारण त्यांच्याकडे सगळं स्वयंपाकघरातच लहान लहान चिरून येतं. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्याने भात चमच्यात लोटायचा आणि चमचा तोंडात, भात खाताना काटा तोंडात घालणं तिथे बरं दिसत नाही. आपण हॉटेलात पुलाव खातो तेव्हा असंच करतो ना, कोणी शिकवलेलं नसताना. मला विचाराल तर आपल्या जेवणाला हीच पद्धत सगळ्यात जवळची आहे.

फिलिपिन्समध्येही असाच काटा-चमचा चालतो, आणि त्यावरून घडलेली एक गोष्ट तुमच्या मुलाने आणि मुलीने दोघांनीही ऐकावी. २००६ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला एक ७ वर्षांचा फिलिपिनो मुलगा शाळेत डब्याच्या वेळी आपल्या घरच्यासारखा काट्याने चमच्यात लोटून खात होता, त्यावरून त्याला बोलणी बसली, वेगळं बसवलं. आईने ते सोडून दिलं नाही, प्रकरण क्विबेकच्या मानवाधिकार न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, भरपाई द्यायला सांगितली. चार वर्षं ती आई लढली, कशासाठी, तर मुलगा त्याच्या घरच्यासारखा जेवत होता म्हणून. तुमच्या टेबलावरचा वाद प्रेमाचाच होता हे मला कळतं, पण पोराला त्या क्षणी त्याच्या ताटाकडे सगळे बघताहेत एवढंच दिसलं असणार.

तुमच्या मुलाला युरोपातल्या लोकांसोबत जेवायला बसावं लागत असेल तर त्याने शिकला ते सोडू नये, तिकडे ते कामाचंच आहे. फक्त हात बदलला की नाही यापेक्षा एक दुसरी गोष्ट त्याने नीट पाठ करावी, ती म्हणजे ताटातली खूण. मध्येच थांबलो असू तर काटा आणि सुरी ताटात तिरपे, उलट्या व्ही सारखे ठेवायचे, जेवण झालं की दोन्ही शेजारी शेजारी, सुरीची धार आतल्या बाजूला. ही खूण चुकली तर वेटर अर्धं ताट उचलून नेतो. सुरी पेनासारखी धरू नये, मुठीत पण आवळू नये, दांडा तळहातात आणि तर्जनी दांड्याच्या वरून. रिकामा हात अमेरिकेत मांडीवर ठेवतात, फ्रान्समध्ये मात्र दोन्ही मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत. जर्मनीत जुनी माणसं उकडलेला बटाटा सुरीने कापत नाहीत, काट्यानेच मोडतात. याचं कारण तुम्ही लगेच ओळखाल, लोखंडी विळीवर कैरी चिरली की विळी काळी पडते आणि कैरीलाही वास लागतो, तसंच त्यांच्या जुन्या पोलादी सुऱ्यांचं व्हायचं. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारं स्टील केलं, पुढे त्याच्या सुऱ्या आल्या, ती अडचण गेली, पण सवय राहून गेली.

आणि सावजी खायला गेलात तर हे सगळं घरी ठेवून जा, रश्श्यात भाकरी चुरायला बोटंच लागतात.

प्रश्न: माझी मुलगी डावखुरी आहे, तिला बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय. मैत्रिणी म्हणतात काटा-सुरी तुला जमणार नाही. तिने उजव्या हाताची सवय करावी का? (एक वडील, धरमपेठ)

उत्तर: दादा, जेवण्यासाठी सवय बदलायची काहीच गरज नाही. कॉन्टिनेन्टल पद्धतीत काटा आधीच डाव्या हातात असतो, त्यामुळे बऱ्याच डावखुऱ्यांना ती उलट सोपी जाते. सुरीला उजव्या हातात जोर येत नसेल तर बसल्यावर काटा आणि सुरी गुपचूप अदलाबदल करून घ्यावी, कोणी काही म्हणत नाही. टेबल मांडताना मात्र पाहुण्यांसाठी नेहमीसारखंच, काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, धार ताटाकडे. तिला म्हणावं घरी पुडाच्या वडीवर सराव कर, वरून कडक आणि आत मऊ सारण, ती न फोडता कापता आली की चिकन-पनीर सोपंच आहे.