महापालिकेने मागवलेल्या हरकती-सूचना खरंच कोणी वाचतं का? पाठवून काही उपयोग होतो का?

वाचतात, पण तुम्ही काय लिहिलंय आणि ते फाईलला कसं लागलंय त्यावर सगळं आहे. तुम्ही म्हणताय पेपरात जाहीर नोटीस आलीये, घरामागच्या मैदानाचं आरक्षण बदलतायत, सोसायटीच्या ग्रुपवर एक मसुदा फिरतोय आणि सगळे त्यावरच सही करून देणार आहेत. तो मसुदा आधी थांबवा, आम्ही नेमकं तेच केलं होतं म्हणून सांगतेय.

आमचंही मैदानच होतं. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, खेळाचं मैदान दाखवलेलं आणि पालिकेने कलम ३७ खाली फेरबदलाची नोटीस काढली, अर्ध्या जागेवर पार्किंग. (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं हे कलम, मंजूर आराखड्यात किरकोळ बदल करायचं. मैदान जाणं किरकोळ कसं, हा प्रश्न मला अजूनही पडतो.) हरकतींना एक महिन्याची मुदत. आम्ही घरोघर फिरलो, एकच मजकूर झेरॉक्स केला, खाली नाव-पत्ता-सही, असे दोनशेच्या आसपास अर्ज गठ्ठा बांधून नेऊन दिले आणि वाटलं आता झालंच काम. नंतर माहिती अधिकारात फाईल काढली तर त्या सगळ्या गठ्ठ्याला तक्त्यात एकच ओळ होती. "एकाच आशयाच्या हरकती", पुढच्या रकान्यात अभिप्राय "सर्वसाधारण स्वरूपाची हरकत, सबब अमान्य", आणि खाली अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे फाईलला लावून विषय बंद. दोनशे घरांची एक ओळ. मी तो कागद हातात धरून तिथेच बाकावर बसले होते बराच वेळ.

पण त्याच तक्त्यात दोन ओळी खाली आमच्या शेजारच्या काकूंची हरकत होती, स्वतंत्र अनुक्रमांक घेऊन. काकूंनी कोणाचा मसुदा घेतला नव्हता, वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की बाजूच्या शाळेला स्वतःचं मैदान नाहीये, मुलं पीटीच्या तासाला इथे येतात, आणि नकाशात पार्किंगचं गेट जिथे दाखवलंय तिथूनच शाळेचं फाटक आहे, म्हणजे गाड्या आणि पोरं एकाच वाटेने. त्याच्यापुढे अभिप्रायाच्या रकान्यात "स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा" असं लिहिलेलं होतं. आणि पाहणी झाली, मी स्वतः बघितली, कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले होते. पार्किंग टळलं नाही हे खरंच आहे, पण गेट पलीकडच्या रस्त्याला गेलं आणि शाळेकडची पट्टी मैदान म्हणून राहिली.

माझं सगळं मत त्या एका तक्त्यावरून बनलंय. अधिकाऱ्याला प्रत्येक हरकतीपुढे काहीतरी लिहावं लागतं. "आमचा विरोध आहे" असं लिहिलंत की "अमान्य" एवढं पुरतं त्याला. सर्व्हे नंबर, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, नकाशातली चूक, जागेवर प्रत्यक्ष काय आहे हे लिहिलंत तर त्याला उत्तर द्यायला जागेवर जावं लागतं. एका अर्जात एकच मुद्दा घ्या, चार मुद्दे असतील तर चार घरांनी वाटून घ्या. फोटो जोडा. शेवटी "मला समक्ष सुनावणी हवी आहे" हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहा.

मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीच्या डीपीवर सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या, एवढ्या लोकांना प्रत्येकी किती मिनिटं मिळणार विचार करा. मुंबईत मात्र फेब्रुवारी २०१५ च्या मसुद्यावर लोकांनी नकाशे घेऊन बसून एकेक चूक दाखवली, असलेल्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू गायब, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून चुका दुरुस्त करायला सांगावं लागलं. सुधारित मसुदा २०१६ ला आला, मंजुरी २०१८ ला. राजकारण होतंच त्यात, पण हातात दाखवायला चुकांची यादी होती म्हणून ते शक्य झालं.

अर्ज ईमेलने पाठवलात तरी एक प्रत हाताने आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, पोच लागत नाही" असं म्हणतील, तरी हलू नका. तो क्रमांक नसेल तर पुढे काहीच मागता येत नाही.

सुनावणीला जाताना तीच शिक्क्याची प्रत न्या. हॉलमध्ये नाव पुकारतात, दोन-तीन मिनिटं मिळतात, बरेच जण त्यात चिडून बोलतात आणि ते साहजिक आहे, पण बोललेलं किती लिहून घेतलं जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून बोलायचं तेवढं एका पानावर टाईप करून तिथेच द्या आणि त्यावरही पोच घ्या.

नंतरचं काम लोक सोडून देतात, आणि खरी जबाबदारी तिथेच धरता येते. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(घ) प्रमाणे निर्णयाची कारणं बाधित माणसाला देणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि मागायचं काय तर सुनावणीचा अहवाल, हरकतींचा अभिप्रायासह तक्ता, टिपणीची पानं (फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे). ३० दिवसांत आलं नाही तर प्रथम अपील. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयात अभिलेख बघता येतात, हे कर्मचाऱ्यांनाही कधीकधी माहीत नसतं, म्हणून त्याची प्रत सोबत ठेवा.

आणि कलम ३७ मध्ये शेवटची मंजुरी पालिकेची नसते, राज्य सरकारची असते. म्हणजे पालिकेने अमान्य केलं तरी प्रस्ताव पुढे जातो तेव्हा नगरविकास विभागाला तुमची पोच असलेली हरकत परत पाठवता येते. आम्हाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

नगरसेवकाला धरा. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक प्रस्ताव मांडणार आणि तोच मंजूर करणार, त्या काळात विचारायचं कोणाला हेच कळत नव्हतं. आपल्याला मुख्य सभेत गॅलरीत बसून ऐकता येतं, बोलता येत नाही. आपल्या वतीने लेखी प्रश्न फक्त नगरसेवकच टाकू शकतो, त्यामुळे त्याला तोंडी सांगून सोडू नका, प्रश्नच लिहून हातात द्या.

नोटीस राजपत्रात कोणत्या तारखेला आली ते आजच बघून घ्या, बऱ्याचदा मुदत तिथून मोजतात, पेपरात तुम्ही वाचलीत त्या दिवसापासून नाही. आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आवकच्या खिडकीवर त्या दिवशी रांग असते आणि ती खिडकी ऑफिस सुटायच्या बरीच आधी बंद होते.