फेरीबोट सारखी चुकते, तीही स्वप्नात

प्रश्न : मी चोडणची, नोकरी पणजीत. महिन्यातून दोन-तीनदा तेच स्वप्न पडतं : रायबंदरच्या धक्क्यावर धावत पोचते आणि डोळ्यांदेखत फेरीबोट सुटते. 'हे स्वप्न आहे' हे स्वप्नातच कळायला शिकता येतं म्हणे. खरं का?

उत्तर : खरं आहे, ताई. १९७५ साली इंग्लंडातल्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांच्यासमोर झोपलेल्या माणसाने ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली. स्वप्नं पडतात त्या झोपेत हातपाय लुळे पडतात, डोळे मात्र हलतात, म्हणून ही युक्ती.

तुमचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं, हे तर फारच सोयीचं. रोज खऱ्या धक्क्यावर पाटी वाचा, नजर फिरवा, परत वाचा. ही सवय स्वप्नातही उतरते, आणि तिथे अक्षरं बहुधा बदलतात. पहाटे जाग आलीच, तर परत डोळा लागेपर्यंत मनात म्हणा, 'बोट सुटली की मला आठवेल, हे स्वप्न आहे.' नुसतं पुटपुटू नका, ती सुटणारी बोट डोळ्यांपुढे आणा.

मला तीन आठवडे लागले. स्वप्नात पाटीवर 'पणजी' होतं, दुसऱ्यांदा पाहिलं तर 'पणती'! इतका आनंद झाला की जागाच झालो. तेव्हापासून स्वप्नात आधी तळहात एकमेकांवर घासतो, मग ते थोडं टिकतं.

त्यासाठी पहाटे मुद्दाम गजर लावून उठायचं असेल तर शनिवारी रात्रीच. ऑफिसच्या दिवशी झोप मोडलीत, तर खरी बोट चुकेल.