जुन्या कर्नेलवरच्या दुरुस्त्या करत राहावे का?

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. ती एका मुक्तस्रोत प्रकल्पात इंटर्नशिप करते. एक्सडीपी प्रोग्राम, म्हणजे नेटवर्कवरून आलेली पॅकेट अगदी सुरुवातीलाच हाताळणारे छोटे प्रोग्राम, लिनक्स कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) लोड करणारा लोडर नव्या कर्नेलवर बिनतक्रार चालतो, पण जुन्या कर्नेलवर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढेच सांगून थांबतो, आणि गेले चार महिने तिच्याकडे याच तक्रारी येत आहेत. कर्नेलचा आवृत्ती क्रमांक पाहून वेगळी वाट धरणाऱ्या अटी ती लोडरमध्ये घालत गेली, तरी तक्रारी संपत नाहीत. ‘माझे वर्गमित्र नवे काही घडवत आहेत आणि मी मात्र जुने निस्तरत बसले आहे, हे काम सोडावे का?’ असा तिचा प्रश्न आहे.

तुमचा थकवा मी समजू शकतो, तरीही हे काम इतक्यात सोडू नका, असे माझे मत आहे. मात्र ते करण्याची पद्धत बदलायला हवी, कारण तक्रारी न संपण्याचे कारण बहुधा त्या आवृत्ती क्रमांकाच्या अटींतच दडलेले आहे.

जुने प्रोग्राम नव्या कर्नेलवर चालत राहावेत, याची काळजी कर्नेलचे विकासक कसोशीने घेतात. नवा प्रोग्राम जुन्या कर्नेलवर चालेल, अशी हमी मात्र कोणी देत नाही. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी लोडरवर, म्हणजे सध्या तुमच्यावर, येते. त्यासाठी कर्नेलचा क्रमांक विचारणे हा सोपा पण फसवा उपाय आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ चे कर्नेल स्वतःला ४.१८ म्हणवते, परंतु पुढच्या आवृत्त्यांमधील ईबीपीएफच्या (कर्नेलमध्ये असे छोटे प्रोग्राम चालवणाऱ्या, एक्सडीपीचा आधार असलेल्या यंत्रणेच्या) कितीतरी सुविधा त्यात बॅकपोर्ट केलेल्या, म्हणजे मागे आणून बसवलेल्या, आहेत. उलट, क्रमांक पुरेसा नवा असूनही कर्नेल बांधताना एखादी सुविधा बंद ठेवलेली असू शकते. म्हणून सुविधा आहे की नाही, हे प्रत्यक्ष करून पाहावे. ती वापरणारा दोन-चार सूचनांचा चिमुकला प्रोग्राम लोड करून बघावा आणि कर्नेलच्या उत्तरावरून पुढचे ठरवावे. ईबीपीएफ प्रोग्राम लोड करण्यासाठीची लिबबीपीएफ ही लायब्ररी आतल्या आत हेच करते.

त्रुटीचा संदेश शब्दशः घेऊ नये, हे तुम्ही या चार महिन्यांत अनुभवले असेलच. ५.११ पूर्वीच्या कर्नेलवर ईबीपीएफ मॅपची (प्रोग्रामची माहिती साठवणाऱ्या तक्त्याची) स्मृती प्रक्रियेच्या ‘मेमलॉक’ मर्यादेत, म्हणजे तिला किती स्मृती अडकवून ठेवता येते त्या मर्यादेत, मोजली जात असे, आणि ती मर्यादा ओलांडली की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर येई. वाचणारा परवानग्या तपासत बसतो आणि दोष भलतीकडेच असतो. त्याचप्रमाणे, बीपीएफ सिस्टीम कॉलला (कर्नेलकडे ईबीपीएफची कामे मागण्याच्या विनंतीला) दिलेल्या रचनेत जुन्या कर्नेलला अनोळखी असलेल्या शेवटच्या भागात शून्याखेरीज काही आढळले, तर ते ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असे म्हणते, जरी यादी लांब असल्याचा तिथे काहीही संबंध नसतो.

आता खरा अवघड भाग. कर्नेल ५.१८ पासून एक्सडीपी प्रोग्रामला अनेक तुकड्यांत विभागलेली पॅकेट हाताळता येतात आणि त्यासाठी लोड करताना एक फ्लॅग द्यावा लागतो. तो फ्लॅग जुन्या कर्नेलला माहीत नसल्यामुळे ते ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून नकार देते. फ्लॅग काढून पुन्हा प्रयत्न केला की प्रोग्राम लोड होतो आणि तक्रार बंद होते. पण मोठ्या एमटीयूच्या (एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या) नेटवर्क इंटरफेसवर तो जोडताच येणार नाही, ही शक्यता तशीच उरते. अशा वेळी मुकाट्याने माघार घ्यायची, वापरकर्त्याला इशारा द्यायचा, की लोड करण्यास साफ नकार द्यायचा, याचे उत्तर कोणत्याही दस्तऐवजात सापडत नाही. ते तुम्हाला ठरवावे लागते, आणि ठरवल्यावर त्याची कारणे पॅचच्या (कोडमधील बदलाच्या) वर्णनात लिहावी लागतात. मुलाखत घेणारा अनुभवी अभियंता ‘ईबीपीएफ येते का’ यापेक्षा असा निर्णय तुम्ही कसा घेतलात, हेच विचारील. निदान मी तरी तेच विचारीन.

संधींविषयी स्पष्ट सांगतो. ‘एक्सडीपी अभियंता’ अशा नावाच्या जागा थोड्या असतात. परंतु हीच जाण लोड बॅलन्सर, सेवा बंद पाडणाऱ्या हल्ल्यांपासून संरक्षण, क्लाउडमधील नेटवर्किंग आणि सुरक्षा-निरीक्षण या क्षेत्रांत लागते. फेसबुकने २०१८ मध्ये खुला केलेला कॅट्रान हा लोड बॅलन्सर एक्सडीपीवर उभा आहे, तर कंटेनरांच्या जाळ्यासाठी वापरला जाणारा सिलियम ईबीपीएफवर. अशी साधने एकाच वेळी अनेक आवृत्त्यांच्या कर्नेलांवर चालवावी लागतात, त्यामुळे तुम्ही ज्याला निस्तरणे म्हणता ते तिथे रोजचे काम असते.

पुढचे दोन महिने असे वापरा. आवृत्ती क्रमांकाच्या अटी एकेक करून काढून तिथे क्षमता-तपासणी आणा, आणि प्रत्येक बदल किमान तीन वेगवेगळ्या कर्नेलांवर आभासी यंत्रात आपोआप तपासला जाईल अशी व्यवस्था करा; ती नसेल तर आज दुरुस्त केलेली तक्रार पुढच्या महिन्यात पुन्हा उगवेल. प्रोग्राम सुरक्षित आहे का हे लोड करताना तपासणाऱ्या कर्नेलमधील व्हेरिफायरचा लॉग शेवटच्या ओळीपासून वर वाचण्याची सवय लावा. बीटीएफच्या (कर्नेलमधील रचनांचे वर्णन करणाऱ्या माहितीच्या) आधारे होणारे पुनर्स्थापन रचनांमधील क्षेत्रांच्या बदललेल्या जागा सांभाळून घेते, मात्र कर्नेलमध्ये नसलेला हेल्पर (प्रोग्रामला बोलावता येणारे कर्नेलचे फंक्शन) ते आणून देत नाही. हा भेद नीट समजला की निम्म्या तक्रारींचे वर्गीकरण तिथल्या तिथे करता येईल.

सोडण्याचे एक कारण मात्र मला मान्य आहे. तुमचे पॅच कोणी बारकाईने वाचत नसेल, ‘चालले ना, मग ठीक’ एवढ्यावर ते स्वीकारले जात असतील, तर मार्गदर्शकांशी आधी मोकळेपणाने बोला आणि तरीही फरक पडला नाही तर याच विषयावरचा दुसरा प्रकल्प शोधा.