सहकारी नीट बोलतच नाही, माहिती दडवून ठेवतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सिनियरला काही विचारलं तर नुसतं हं हं करतो, फायली पासवर्ड सगळं स्वतःकडे, आणि काम अडलं की बोलणी तुम्हाला. वाचून आधी हसूच आलं, राग नका मानू, कारण असलाच एक माणूस गेली सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतोय.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अकाउंट्सला आहे. आम्ही दोघंच, मी आणि काका. काका म्हणजे वयाने काका, नातं काही नाही. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत ते तिथे.

एक किस्सा सांगते म्हणजे कळेल. एका सप्लायरची एप्रिलची सात बिलं जीएसटीच्या २बी मध्ये (सप्लायरने भरलेली बिलं आपल्याला पोर्टलवर दिसतात तो तक्ता) दिसेनात, मी दोन दिवस डोकं फोडलं, टॅलीत शोधलं, जीएसटी नंबर तपासले, त्या सप्लायरला फोन करून थोडं टाकून पण बोलले, आणि हे सगळं काका समोर बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, तो रिटर्न क्वार्टरली भरतो, तीन महिन्यांनी एकदा, जुलैच्या चौदा तारखेला येतील. मी म्हटलं अहो मग दोन दिवस का नाही सांगितलंत? तर म्हणे, "मॅडम, तुम्ही विचारलं कुठे?"

सुरुवातीला मी पण सगळं करून पाहिलं. चहा विचारला, गोड बोलले, दिवाळीला चिवडा नेला. खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाले, ते त्यांचं माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य असेल. शेठकडे तक्रार केली तर ते म्हणाले स्वभाव आहे त्यांचा, जुना माणूस, घे सांभाळून. तर स्वभावाची तक्रार घेऊन वर जाऊ नका, काही होत नाही, उलट आपणच भांडकुदळ ठरतो.

मला खरी गोष्ट कळली ती आमच्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या, म्हणजे सीए व्हायला शिकणाऱ्या पोराकडून. तो सहज बोलून गेला की काकांचा त्याला रोज फोन असतो, हे कुठे टाकू ते कुठे टाकू. मग डोक्यात लाईट पेटली. व्हॅट, सी फॉर्म, एक्साइजची रजिस्टरं यात काका वाघ होते, सेल्स टॅक्सच्या असेसमेंटला एकटे जाऊन यायचे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि त्यातलं बरंचसं एका रात्रीत रद्दी झालं. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. म्हणजे अर्ध्या गोष्टी ते मला सांगत नव्हते आणि अर्ध्या त्यांना स्वतःलाच पक्क्या माहीत नव्हत्या, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तोंड बंद. तुमच्या माणसाचं यातलं नेमकं काय आहे ते आधी बघा.

तिथून मी विचारणंच सोडलं. करून दाखवायला लागले, आणि थोडं चुकवून (हो, मुद्दाम). एकदा म्हटलं काका, ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलावर त्याने टॅक्स लावलेला नाही, म्हणजे आपल्याला पण काही भरायचं नाही ना? ताडकन उठले, अहो असं कसं, ते आरसीएम मध्ये, म्हणजे रिव्हर्स चार्जमध्ये आपणच भरायचं असतं, सर्व्हिस टॅक्सच्या काळापासून आहे ते! आणि पुढची वीस मिनिटं थांबलेच नाहीत. जुन्या माणसाला शिकवा म्हटलं की तो आखडतो पण समोर चूक दिसली की त्याला राहवत नाही. ज्या गोष्टी त्यांना येत नव्हत्या, २बी एक्सेलमध्ये जुळवणं वगैरे, त्या मी गुपचूप करून शीट त्यांच्या टेबलावर ठेवायला लागले, शेठसमोर एक शब्द न काढता. ते थँक्यू म्हणाले नाहीत, पण सप्लायरची त्यांची जुनी वही तेव्हापासून ड्रॉवरमध्ये कुलपात नसते.

पण सगळंच गोडीगुलाबीने होत नाही. जीएसटी पोर्टलवर मोबाईल नंबर काकांचा होता, रिटर्न भरताना ओटीपी त्यांच्याच फोनवर. २०२४ ला आषाढी एकादशी १७ जुलैला होती आणि काका वारकरी, काला झाल्याशिवाय पंढरपूर सोडत नाहीत, म्हणजे २१ ची पौर्णिमा. आणि ३बी ची, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख २०. पंढरपुरात त्या गर्दीत फोन लागेना, लागला तर मेसेज पोचेना, ओटीपी काही मिनिटांत मरतो, शेवटी रिटर्न गेलं २२ ला. लेट फी किती, दिवसाला पन्नास प्रमाणे शंभर रुपये फक्त. पण शेठला पहिल्यांदा समजलं की आपलं रिटर्न एका माणसाच्या खिशात पंढरपूरला जाऊन बसतं.

मी तेव्हा काकांबद्दल काहीच बोलले नाही. एक कागद ठेवला फक्त: टीडीएस ७ तारीख, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ११, पीएफ १५, ३बी २०, आणि पुढे प्रत्येकाचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते. दुसऱ्या दिवशी शेठने स्वतःचा नंबर टाकायला लावला. त्या बदलाला ऑफिसरची मंजुरी वगैरे लागत नाही, पोर्टलवरच नॉन-कोअर अमेंडमेंट, म्हणजे किरकोळ बदलांमध्ये होतं ते. काका आठवडाभर घुश्शात होते, मग विसरले.

आता तुमच्याकडे बोलणी तुम्हाला बसतात असं म्हणताय, हा फरक मोठा आहे. काकांनी माझ्यावर कधी ढकललं नाही. त्यामुळे तुम्ही करून-दाखवा वगैरे नंतर बघा, आधी रोज निघताना त्याला व्हॉट्सअपवर एक ओळ टाकत जा, अमुक फाईल अजून मिळाली नाही, उद्या अकरापर्यंत लागेल, एवढंच, टोमणा नाही काही नाही, आणि बॉसपण असलेला ग्रुप असेल तर त्याच ग्रुपवर टाका. उत्तर नाही आलं तरी चालतंय, तारीख वेळ तर राहते.